बाळगुटी, नरकासूर आणि बसमधली रिकामी जागा

या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. दोन मुलांची, एक बापाचं. नावं छापत नाही, आणि वाडा ओळखू येईल अशा खुणाही पुसल्या आहेत. गोवा लहान आहे. इथे ‘फोंड्याकडची एक मुलगी’ एवढं लिहिलं तरी तिसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी विचारतं, ‘ती अमक्याची नात ना?’

प्रश्न: टीचर, मी अकरावी सायन्सला आहे. वय १६, डिचोली तालुका. आमच्या वाड्यावर दर दिवाळीला नरकासूर करतात. मी पाचवीत असल्यापासून तिथे जातो. आधी खळ ढवळायचो, आता दोन वर्षं मुखवटा आणि हात मीच करतो. गेल्या वर्षी आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं, परीक्षकांनी मुखवट्याचं नाव घेतलं. आम्ही चौदा जण आहोत. त्यातले दोघे २३-२४ वर्षांचे, कामाला जातात. रात्री दहानंतर बियरचे कॅन येतात. गेल्या वर्षी मी घेतली नाही, तर माझं नाव ‘बाळगुटी’ पडलं. ते शाळेतही पोचलं. यंदा म्हणतात, आता १६ झालास, घेतली नाहीस तर मांडवात यायचं नाही. आमच्यातला एक जण कॅन धरून बसतो आणि हळूच मागे शेतात ओततो, मी दोनदा बघितलं. त्याला कोणी काही म्हणत नाही. दुसरं, रॉड आणि बाइंडिंग वायर आणायला रात्री मलाच पाठवतात, बाबांच्या स्कूटरवरून, तिघे बसून. मला लायसन नाही. नको म्हटलं की ‘भिता मरे?’ सुरू होतं. मला नरकासूर सोडायचा नाही. मी भित्रा आहे का? आईला सांगू नका, ती मांडवातच पाठवणार नाही.

उत्तर: बाबू, तुझी आई कोण ते मला माहीत नाही, त्यामुळे तिला सांगण्याचा प्रश्न येत नाही. पण ती हे मासिक वाचत असेल आणि वाड्यावर दोन वर्षं मुखवटा करणारा १६ वर्षांचा मुलगा एकच असेल, तर तयारीत राहा.

पुण्यामुंबईकडे दिवाळीला मुलं मातीचे किल्ले करतात. आमच्याकडे नरकासूर करतात, हे तिकडच्या वाचकांसाठी सांगते. सांगाडा लोखंडाचा किंवा बांबूचा, आत तण कोंबलेलं, वर कागद, कधी दुमजली घराएवढा उंच. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तो नाक्यावर उभा राहतो, स्पर्धा होतात, साउंड लागतो, आणि पहाटे त्याला जाळतात. त्यासाठी महिनाभर आधीपासून पोरं रात्री मांडवात बसतात. बापांना ते आवडत नाही, पण एकेकाळी तेही तिथेच बसलेले असतात. वेल्डिंग, हिशेब, वर्गणीची पावती, रंग, चौदा जणांची भांडणं मिटवणं, हे सगळं पोरं तिथे शिकतात. वर्गात मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण एवढं एकत्र काम मला कधी करवून घेता आलं नाही. म्हणून ‘सोडून दे तो ग्रूप’ असं तुला सांगणार नाही. तसं सांगणारे मोठे बहुतेक स्वतः कुठल्याच ग्रूपात नसतात.

‘मी भित्रा आहे का’ हा प्रश्न त्यांनी तुझ्या तोंडात घातलेला आहे. पत्र वाचून मला तुझा प्रश्न वेगळाच दिसतो: इथे राहायचं आहे, पण राहण्याची किंमत त्यांनी ठरवू नये. हा मोठ्या माणसाचा प्रश्न आहे, आणि आमच्यातल्या पुष्कळांना पन्नाशीतही तो सुटलेला नाही.

आता तुझ्याच पत्रातल्या एका ओळीकडे ये. तू ती सहज लिहून पुढे गेलास. एक जण कॅन धरून बसतो आणि शेतात ओततो.

१९५१ साली अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. सात-आठ कॉलेजकुमारांना एका टेबलाशी बसवलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. पहिल्या रेघेएवढी कोणती, ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. उत्तर आंधळ्यालाही दिसावं इतकं सोपं. पण त्यातला एकच मुलगा खरा होता, बाकीचे सगळे ॲशने शिकवून ठेवलेले. ते बारा वेळा ठरवून, एकमुखाने, चुकीची रेघ सांगत. त्या एकट्याची पाळी जवळजवळ शेवटी येई. सगळ्यांची मिळून सुमारे एकतृतीयांश उत्तरं गर्दीबरोबर गेली. चौघांतले तिघे निदान एकदा तरी वाकले. डोळ्यांसमोर रेघ असताना! त्यांच्यावर कुणी हात उगारला नव्हता. ‘बाळगुटी’सुद्धा म्हटलं नव्हतं.

वर्गात हा प्रयोग सांगताना मी इथे थांबत असे, आणि मुलं खूश होत, कारण माणसं मूर्ख असतात हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. ॲशने मग त्या टोळीतल्या एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं. एकच साथीदार, बाकी सगळे पूर्वीसारखेच चुकीचे. गर्दीबरोबर जाणारी उत्तरं एकतृतीयांशावरून शंभरात पाचाच्या आसपास उतरली. एका माणसाने एवढा फरक पडला.

तुझा तो एक माणूस शेतात बियर ओततोय.

आणि तो एकटाच असेल असं मला वाटत नाही. १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मुलांवर एक अभ्यास छापून आला. तिथल्या पिण्याबद्दल तुला स्वतःला काय वाटतं आणि बाकीच्यांना काय वाटत असेल, असं दोन्ही विचारलं. बहुतेक जण स्वतः थोडे अस्वस्थ होते, आणि प्रत्येकाची समजूत अशी की बाकी सगळे मजेत आहेत, अस्वस्थ फक्त मीच. पुढे मुलग्यांची मतं हळूहळू त्या समजुतीकडे सरकत गेली, म्हणजे नसलेल्या गर्दीकडे. तुमच्या मांडवातले चौदा मोज. दोघे मोठे, त्यांना खरंच हवी आहे. आणखी तिघा-चौघांना आवडत असेल. उरलेले आठ तुझ्याकडे बघून काय म्हणत असतील? हा बाळगुटी म्हणवून घेतोय, त्यापेक्षा आपण धरून बसलेलं बरं. टोपणनाव तुला पडलं, पण त्याचा धाक त्या आठांना आहे.

तर आधी त्या ओतणाऱ्याशी बोल. मांडवात नको. सकाळी शाळेच्या वाटेवर, किंवा खळ शिजवताना दोघेच असाल तेव्हा. ‘मी बघितलं’ म्हणू नकोस, तो घाबरेल. ‘मला यंदा पण नको आहे, तू माझ्या बाजूला बसशील?’ एवढंच विचार. बस्स. चळवळ उभारायची नाही.

मांडवात बोलताना भाषण नको. लिव्हरचं चित्र काढून दाखवू नकोस, ते काम माझं होतं आणि मलाही कुणी ऐकलं नाही. हातात ब्रश असू दे आणि म्हण, ‘आयज ना मरे, मुखवट्याक हात थिर जाय.’ म्हणजे आज नको रे, मुखवट्याला हात स्थिर हवा. हे खरंही आहे. डोळ्याची बाहुली रंगवताना हात हलला तर नरकासूर तिरळा होतो, आणि तिरळ्या नरकासुराला बक्षीस देणारा परीक्षक अजून जन्मायचा आहे. तुझ्या हातात त्यांची सगळ्यात मोठी गरज आहे, हे तू विसरलास. मांडवात येऊ नको म्हणतात ना? मग मुखवटा कोण करणार, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी पैज लावत नाही, पण लावली असती.

चिडवणार. चार दिवस जास्तच चिडवणार. टोपणनावाचं म्हणशील तर माझ्या एका विद्यार्थ्याला सगळे ‘बेडूक’ म्हणत, कारण प्रॅक्टिकलला तो बेडूक बघून घेरी येऊन पडला होता. आज तो शस्त्रक्रिया करतो, आणि जुने मित्र भेटले की त्याला बेडूकच म्हणतात. तो ओ देतो. नावाला जेवढा राग दाखवशील तेवढं ते चिकटतं.

स्कूटरचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तिथे ‘हळूच, गोडीने’ वगैरे काही नाही, तिथे सरळ नाही. १६ व्या वर्षी जे लायसन मिळू शकतं ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं. तुझ्या बाबांची स्कूटर त्याच्या दुपटीची असणार. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ लायसनसुद्धा नाही. तुझे मित्र अठराव्या वर्षी बुलेट घेऊन फिरतील आणि तू पंचविशीपर्यंत कदंबच्या सरकारी बसची वाट बघत उभा राहशील.

पण दंडाची भीती खरी भीती नाही. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. एकटे असताना १३ ते १६ वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. दोन मित्र मागे उभे राहिले की मुलांचं धोका पत्करणं जवळजवळ दुप्पट झालं. चोविशीपुढच्यांत फरक पडला नाही. म्हणजे तू एकटा बरा चालवत असशील, मान्य करते. पण मागे दोघे बसले की स्कूटर चालवणारा तो तू नसतोस. रात्री अकराला, डिचोलीच्या त्या वळणांवर, समोरून खनिजाचा नाहीतर खडीचा ट्रक आणि मागे दोघे ‘मार मरे’ म्हणणारे. उत्तर एकच ठेव: ‘चावी बाबाकडेन आसा.’ आणि ते खरं व्हावं म्हणून आज रात्रीच बाबांना सांग की चावी खुंटीवर ठेवू नका, उशाला ठेवा. कारण विचारलं तर सांग. नाही विचारलं तर त्यांनाही काहीतरी माहीत आहे असं समज.

आईला आज सांगू नकोस म्हटलं तर मी टीचर कसली, आणि सांग म्हटलं तर तुझा नरकासूर जातो. मधली वाट म्हणजे घरातलं एक मोठं माणूस निवड. ताई, मामा, आजी, कुणीही. साडेदहाला त्यांनी फोन करायचा आणि ‘आजी बोलावते’ म्हणायचं. आमच्या काळात आजीने किती मुलांना वाचवलं याची मोजदाद नाही. टीचर खोटं बोलायला शिकवते म्हणून ज्यांना संपादकांना लिहायचं आहे त्यांनी खुशाल लिहावं.

एक गोष्ट माझ्या ओळखीच्या वकीलबाईंनी आवर्जून घालायला सांगितली: गोव्यात २१ वर्षांखालच्याला दारू विकता येत नाही. तर त्या मांडवातल्या दोघा मोठ्यांनो, तुम्ही वाचत असाल तर तुम्हाला दोन शब्द. सोळा वर्षांच्या पोराला कॅन देऊन तुम्ही त्याला मोठा करत नाही. तुमची स्वतःची पोरपणाची जागा सुटत चालली आहे म्हणून तुम्ही तिथे बसता. बसा. वेल्डिंग तुम्हालाच येतं. कॅन घरी ठेवून या.

आणि बाबू, पहाटे जाळल्यावर घरी जा. झोपू नकोस. तेल लावून घे, कारीट फोड, आणि दूधपोहे, ताकपोहे, रोसातले पोहे, जे काही आईने पहाटे उठून केलं असेल ते गरम असताना खा. मांडवातली अर्धी पोरं त्या दिवशी दुपारी दोनला उठतात. तोवर पोह्यांची पेंड झालेली असते.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे. वाड्यावरच्या फुटबॉल टीममधल्या सगळ्यांनी एकसारखे केस कापले, बाजू भादरलेल्या आणि वर सोनेरी रंग. यानेही केलं. पेडण्यासारख्या गावात लोक काय म्हणतात ते मला ऐकावं लागतं. घरात घेऊ की नको असं झालंय. काय करावं?

उत्तर: घरात घ्या. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, शिमग्यापर्यंत सोनं आपोआप कात्रीखाली येईल. टीममधल्या अकरा जणांनी एकच केस कापले यात मला तरी वाईट दिसत नाही, चेंडू पास करतात का तेवढं बघा. तुमच्या स्वतःच्या लग्नातला फोटो भिंतीवर असेल तर त्यातली पॅंट एकदा नीट बघा. आणि एक विचारते, राग मानू नका: मुलगा टीमसाठी केस रंगवतो आणि तुम्ही गावासाठी त्याला घराबाहेर काढायला निघालात, तर ग्रूपाचा धाक दोघांपैकी कुणाला जास्त आहे?

रंगाने डोकं खाजत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: टीचर, मी बारावी कॉमर्सला आहे, फोंडा तालुक्यातली. आम्ही पाच जणी आठवीपासून एकत्र आहोत. ट्रॅडिशनल डेला सगळ्यांनी एकसारख्या साड्या घ्यायच्या ठरल्या, प्रत्येकी १४०० रुपये. आमच्यातली एक म्हणाली मला जमणार नाही, आणि ती तिच्या आजीची जुनी कुणबी साडी नेसून आली. फोटो विचित्र आले, चौघी निळ्या आणि मध्ये एक लाल. आमच्यातली एक तिला सगळ्यांसमोर म्हणाली, शेतातून थेट आलीस का? तिने उलट उत्तर दिलं. त्या रात्री व्हॉट्सॲपवर नवा ग्रूप झाला, चौघींचा. मला काही न विचारता घातलं. मी बाहेर पडले नाही. आता ती बसमध्ये पुढे ड्रायव्हरच्या मागे एकटी बसते आणि आम्ही चौघी मागे. मी काही वाईट बोलले नाही तिला. पण रात्री झोप येत नाही. मी तिच्याशी बोलले तर त्या तिघी माझ्याशी बोलणार नाहीत, आणि परीक्षा जवळ आहे, नोट्स त्यांच्याकडे आहेत.

उत्तर: बाय, ‘मी काही वाईट बोलले नाही’ हे वाक्य मी चांगलं ओळखते. ते माझंच आहे. मी ते सुमारे चाळीस वर्षं वापरलेलं आहे.

१९८६ सालचा डिसेंबर. मी बारावीला होते, म्हापशाच्या बाजूला. राजभाषेचं आंदोलन पेटलेलं. कोकणी की मराठी, यावरून बंद, रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली, बसगाड्या थांबलेल्या, माणसं मेली. तू पुस्तकात चार ओळी वाचल्या असशील: ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला, देवनागरीतली कोकणी राजभाषा, मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा, आणि ३० मेला गोवा राज्य. आमच्या घरी मराठी. म्हणजे मराठी पेपर, मराठी कीर्तन, जत्रेत मराठी नाटक, आणि जेवताना सगळे बोलायचे कोकणीच. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या घरी कोकणीचा झेंडा. तीही माझ्यासारखीच मराठी शाळेतून आलेली, तिचं मराठी अक्षर माझ्याहून सुंदर. आमच्यात भाषेवरून एकदाही भांडण झालं नाही. आम्ही जीवशास्त्राची चित्रं काढायचो.

मग वर्गातल्या मराठीवाल्या मुली खिडकीकडच्या रांगेत बसायला लागल्या. मला कुणी ‘इकडे ये’ म्हटलं नाही. एक दिवस मी वर्गात आले, तिकडे जागा दिसली, आणि बसले. बस्स एवढंच झालं. तिने माझ्याकडे बघितलं, मी दप्तर उघडलं.

तिचं जर्नल माझ्याकडे होतं. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद तिने इतका छान काढला होता की मी बघून काढायला घेतला होता. ते परत द्यायचं तर बोलावं लागणार. म्हणून दिलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. जर्नल तपासायची तारीख आली आणि गेली. तिने बाईंना काय सांगितलं असेल कोण जाणे, माझं नाव सांगितलं नाही हे नक्की, कारण मला कुणी बोलावलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी ते शिपाईमामांच्या हाती तिच्याकडे पाठवलं. शिपाईमामांनीही माझ्याकडे बघितलं.

वाईट मी काहीच बोलले नव्हते.

पुढे किती तरी वर्षांनी ती मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटली, चवथीच्या आदल्या आठवड्यात. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीचं, सामान घेत होती, हातात नारळाची पेंड आणि कांगलं. मी पुढे झाले, ‘कशी आहेस?’ विचारलं. तिने ओळखलं. हसली. ‘बरी आसां’ म्हणाली, घर कुठे, मुलं किती विचारलं, कवंडळं यंदा महाग आहेत म्हणाली, आणि पिशवी उचलून गेली. अनोळखी बाईशी बाजारात जेवढं बोलतात तेवढंच, अगदी व्यवस्थित. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. माफी मागायला मी तोंड उघडलं होतं, पण त्या वेळी तिच्या दृष्टीने मागण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

तुझ्याकडे अजून आहे, कारण ती अजून त्याच बसमध्ये बसते.

साडीबद्दल एक सांगू? लाल चौकड्यांची खरी जुनी हातमागाची कुणबी साडी आता सहज मिळत नाही. वेंडेल रॉड्रिक्स यांच्यासारख्या नामांकित डिझायनरने ती पुन्हा लोकांसमोर आणण्यासाठी किती खटपट केली. आज ती दुकानात घ्यायला गेलीस तर तुमच्या निळ्या साड्यांच्या किमतीत पदरही येणार नाही. त्या फोटोत ट्रॅडिशनल नेसलेली एकच मुलगी होती. पण हे जाऊन त्या तिघींना ऐकवू नकोस. तुला शहाणपणा दाखवायला मिळेल, तिला काही मिळणार नाही.

तिघींचं काय? १४ ते १८ या वयात दोस्तांच्या दबावापुढे टिकून राहण्याची ताकद वर्षागणिक वाढत जाते, असं या विषयात काम करणाऱ्यांना दिसलं आहे. म्हणजे आठवीत तुला जे जमलं नसतं ते आता जमण्यासारखं आहे. वरच्या मुलाच्या उत्तरात रेघांचा प्रयोग लिहिला आहे, तो वाच. तिथे एकटा पडलेला मुलगा तू आहेस असं तुला वाटेल. बसमध्ये बघितलंस तर एकटी पडलेली ती आहे, आणि तो एक साथीदार तू होऊ शकतेस. आणि मागच्या बाकावरच्या तिघींत आणखी एखादीला झोप येत नसेल. नव्या ग्रूपात तिलाही न विचारताच घातलं असणार. तुझ्यानंतर ती उठेल किंवा उठणार नाही. त्यावर तुझं काही अवलंबून ठेवू नकोस.

नोट्सचं भय मला कळतं, बोर्डाच्या वर्षी ते लहान नाही. उद्या उठण्याआधी आज झेरॉक्स काढून घे. हसू नकोस, खरंच सांगते. अकाउंट्सच्या वहीसाठी मैत्रीण गमावणं जसं वाईट, तसं मैत्रिणीसाठी अकाउंट्समध्ये नापास होणंही काही थोर नव्हे. आणि खरंच तिघींनी वाळीत टाकलं, छळायला लागल्या, रात्र रात्र झोप उडाली, तर वर्गशिक्षकांकडे जा, किंवा १४४१६ वर फोन कर. ती सरकारी टेली-मानसची लाइन आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत. तू अठराची झाली नसशील तर १०९८ ही आहे.

सोमवारी बसमध्ये चढशील तेव्हा मागे जाऊ नकोस. ड्रायव्हरच्या मागे तिच्या शेजारी जागा असेल, तिथे बस. मागून हाक मारतील, ‘इकडे ये गो’ म्हणतील. हात कर आणि बसून राहा. माफीचं भाषण तयार करून नेऊ नकोस, बसमध्ये गर्दी असते आणि कंडक्टर मध्येच तिकीट विचारतो. साडीबद्दलही लगेच नको, तिला वाटेल तुला कुणी पाठवलंय. ती खिडकीबाहेर बघेल. बघू दे. पहिल्या दिवशी फोंडा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही तरी मंगळवारी परत तिथेच बस. बोलायला काहीच सुचलं नाही तर तिला विचार की आजीची साडी किती वारी होती, तिला ती कोणी नेसवली. मला स्वतःला जर्नल परत देताना एवढंसुद्धा सुचलं नव्हतं, ‘फूल छान काढलंस’ असं.